खालच्या कप्प्यातलं जेवण

गल्लीतल्या कुणाचं घड्याळ दोन मिनिटं जरी मागे पडलं, तरी घड्याळजींना चैन पडत नसे. आणि त्यांचं स्वतःचं घर मात्र चांगलं एक दिवस मागे चालत होतं.

म्हणजे कसं, की सोमवारी शिजलेलं त्या घरात मंगळवारी खायचे आणि मंगळवारचं बुधवारी. रोज संध्याकाळी त्यांची बायको ताजा, वाफाळता स्वयंपाक करायची. सगळ्या जिन्यात वास सुटायचा, घड्याळजींच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि पातेलं निवलं की ते सरळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जायचं. मग वरच्या कप्प्यातलं कालचं पातेलं बाहेर यायचं, गरम व्हायचं आणि ताटात पडायचं. जेवणं आटोपली की खालचं पातेलं वर चढायचं, उद्यासाठी. 'आधी कालचं' हा त्या घरातला कायदा होता, आणि कायदा करणारी, राबवणारी आणि शिक्षा देणारी बाई एकच होती.

बाई काटकसरीची होती, हे तर विचारूच नका. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायची. टूथपेस्टची ट्यूब संपली असं कुणी म्हटलं की ती कात्रीने उभी चिरायची आणि म्हणायची, "ही बघा, अजून आठवडा निघेल." निघायचाही! वाया घालवणं तिच्या जिवावर यायचं आणि उरलेलं टाकणं म्हणजे तर पाप.

हा एक दिवसाचा घोळ सुरू झाला लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला. सगळ्या ओळखीच्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि नेमकं त्या संध्याकाळी असं वादळ आलं की चिटपाखरू फिरकलं नाही. पातेलंच्या पातेलं उरलं. दुसऱ्या दिवशी ते खाल्लं, हे ठीकच. पण बाईने दुसऱ्या दिवशी रोजचा स्वयंपाकही केला. का, तर चूल बंद ठेवायची तिला सवय नाही. तो राहिला तिसऱ्या दिवसाला. झालं! तेव्हापासून घर एका पातेल्याने पुढे गेलं आणि एका दिवसाने मागे पडलं, ते पडलंच. लेक बोबडं बोलू लागली, शाळेत गेली, कॉलेज संपलं, पण पातेलं काही मुक्कामावर आलं नाही.

घड्याळजींनी खटपट केली नाही असं नाही. तारखेचं घड्याळ एक दिवस मागे असलं तर काटे दोन फेरे पुढे फिरवायचे, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे एका दिवसात दोन जेवणं जिरवली की झालं! म्हणून एकदा ते वरच्या कप्प्यातलं अख्खं पातेलं गुपचूप दुकानात घेऊन गेले आणि शेजारच्या न्हाव्याबरोबर बसून दुपारीच फस्त केलं. रात्री मोठ्या आशेने पाटावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, येऊन बसले. बायकोने वरचा कप्पा उघडला आणि किंचाळली, "अगं बाई, घरात खायला काही नाही!"

"खाली आहे ना," घड्याळजी हळूच म्हणाले.

"ते उद्याचं आहे!"

त्या रात्री तिघांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. घड्याळजींना तर दुपारपासून करपट ढेकर येत होते, वर अंडी.

सगळ्यात जिव्हारी लागायचं ते शिंपीणबाईंचं. शिंपीणबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, आणि वास आला की काहीतरी निमित्त काढून खाली यायच्या. कधी सुई, कधी वर्तमानपत्र. बायको लगेच उकळत्या पातेल्यातून वाटी भरायची. "लोकांना काय कालचं द्यायचं?" शिंपीणबाई दारातच एक घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही." घड्याळजी कोपऱ्यात बसून बघत राहायचे. आपल्या बायकोच्या हाताची चव अख्ख्या इमारतीला माहीत, आणि आपण मात्र त्या चवीचे दुसऱ्या दिवशीचे मानकरी!

असं सगळं चाललं होतं, आणि लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली. रविवारी सकाळची बस. शुक्रवारी रात्री ती पेटी भरत बसली होती, तेव्हा घड्याळजींनी विचारलं, "जायच्या आधी काय खायचंय सांग. काहीही सांग."

लेक हसली. म्हणाली, "बाबा, आईच्या हातचं. पण ज्या दिवशी केलं, त्याच दिवशी."

ती गमतीत म्हणाली आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्याळजींना मात्र ते लागलं. आपली एकुलती एक पोर घर सोडून चालली आहे आणि तिने जन्मात आपल्या आईचं ताजं अन्न खाल्लेलं नाही! ही काय बापाला शोभणारी गोष्ट आहे? उद्याचा एकच दिवस हातात होता. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की उद्या काहीही होवो, खालच्या कप्प्यातलं जेवण ह्या पोरीच्या ताटात पडलं पाहिजे.

शनिवारी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि घरी येऊन सरळ मुद्द्याला हात घातला. बायको कोंबडीच्या रश्श्यात बटाटे सोडत होती.

"आज हेच जेवू या," ते म्हणाले. "पोरगी चाललीये."

"आणि कालच्या घेवड्याचं काय करू? डोक्यावर ओतू?"

"उद्या खाऊ."

"उद्या ते परवाचं होईल! अहो, तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

इतक्यात शिंपीणबाई आल्याच. आज त्यांना बटण हवं होतं. शिंपिणीला बटण! बायकोने मुकाट्याने वाटी भरून दिली. घड्याळजींचा पारा चढला.

"त्यांना ताजं, आणि आम्हाला का नाही?"

"त्या बाहेरच्या आहेत," बायको चमचा उगारून म्हणाली. "तुम्ही काय पाहुणे लागून गेलात?"

घड्याळजी काहीतरी बोलणार होते, ते थांबले. बारीक स्क्रू नेमका जागेवर बसला की दुकानात त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि लेकीच्या कानात काहीतरी कुजबुजले. लेकीने तोंडात रुमाल कोंबला.

थोड्या वेळाने दोघं हळूच बाहेर पडली. बायकोला वाटलं, गेले असतील पाय मोकळे करायला. तिने रस्सा उतरवला, झाकणी कलती ठेवून निववायला ठेवला आणि हात पुसले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात घड्याळजी उभे होते. ठेवणीतला कोट, केसांना तेल, हातात फुलांचा गुच्छ. शेजारी लेक, तिच्या हातात केकचा खोका.

"नमस्कार," घड्याळजी म्हणाले. "इथून चाललो होतो. म्हटलं, भेटून जावं."

बायको बघतच राहिली. मग म्हणाली, "किल्ली विसरलात?"

"आमच्याकडे कुठली किल्ली? आम्ही पाहुणे."

"हा काय चावटपणा! आत या आधी, लोक बघतायत."

लोक म्हणजे शिंपीणबाई. त्या वरच्या कठड्यावरून पार वाकून बघत होत्या, आणि त्यांनी हाक मारली, "वहिनी, पाहुणे आलेत वाटतं? बसवून घ्या की!"

इथेच बायको अडकली. घरात ती कुणाचं ऐकायची नाही, पण पाहुण्यांना दारातून उपाशी परत पाठवलं, असं तिच्याबद्दल इमारतीत कुणी म्हणावं, हे तिला खपणारं नव्हतं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की खरा पाहुणा असता तर जिन्यावरून पळत सुटला असता. मग दात आवळून म्हणाली, "या. बसा. जेवूनच जा."

"छे छे, उगाच तुम्हाला त्रास," लेक म्हणाली.

"गप बस, कार्टे."

दोघं बसली. आणि अनेक वर्षांत पहिल्यांदा, पातेलं फ्रीजचं तोंड न बघता टेबलावर आलं. झाकण उघडलं, तशी घड्याळजींच्या चष्म्यावर वाफ धरली. बटाटे अख्खे होते! रोज त्यांना बटाट्यांचा गाळ मिळायचा, त्यांना वाटायचं ती बटाटे कुस्करूनच घालते. लेकीने पहिला घास घेतला. घड्याळजींनी घेतला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

रस्सा अळणी होता. मीठ अगदी नावालाच म्हणा ना! घड्याळजींना दुसरा घास गिळवेना. ज्या चवीसाठी आयुष्यभर जीव टाकला, ती ही? पण पाहुणे होते ना आता. पाहुण्याने मीठ मागायचं नसतं.

"छान झालंय," लेक म्हणाली.

"तुमच्या हाताला तोड नाही," घड्याळजी म्हणाले, आणि आपण अगदी शिंपीणबाईंसारखे बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं.

बायकोचा चेहरा खुलला. तिने आणखी एकेक पळी वाढली, आणि मग फ्रीजकडे गेली. वरच्या कप्प्याच्याही मागून, कोपऱ्यातून, तिने एक छोटी वाटी काढली, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खायला लागली.

"ते काय आहे?" घड्याळजींनी विचारलं.

"परवाचं. थोडंसंच राहिलं होतं."

"रोज परवाचं खातेस?"

"मग काय टाकू? तुम्ही ताटात ठेवता, ते कुणीतरी संपवायला नको?"

घड्याळजींचा हात ताटातच राहिला. इतकी वर्षं ते आपण एक दिवस मागे म्हणून कुरकुरत होते, आणि ही बाई सगळ्यांच्या मागे, दोन दिवस मागे उभी होती. उभी! आपण कधी मान वळवून ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कोट अंगाला टोचायला लागला.

लेक उठली. तिने आईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. "आई, बाहेर जा."

"काय?"

"बाहेर जा आणि बेल वाजव."

"वेड लागलंय का तुला? माझ्याच घराची बेल मी वाजवू?"

"आई, मी उद्या जाणार आहे," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज कातर झाला. "एकदा वाजव ना."

बाईने पदराला हात पुसले आणि पुटपुटत बाहेर गेली. दार लागलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बेल वाजली, अगदी हळू, चुकून बोट लागल्यासारखी.

"या, या!" घड्याळजी धावलेच. "अलभ्य लाभ! बसा. जेवूनच जायचं."

त्यांनी खुर्ची ओढली. लेकीने ताट मांडलं, रस्सा वाढला, पाव ठेवला. बाई अवघडून बसली, परक्या घरी बसावं तशी. सगळे बघतायत म्हणून तिने बेताने घास घेतला. चावला. थांबली.

"अहो," ती म्हणाली, "ह्यात मीठ नाही!"

बापलेकींनी ताटात मान घातली.

"तुम्हाला कळलं नाही?"

"पाहुण्यांनी कसं सांगायचं?" घड्याळजी म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. लेकीच्या त्या वाढदिवसानंतर कधीतरी घड्याळजी म्हणाले होते, "आटून जरा खारट होतंय गं." तेव्हापासून तिने हात आखडला होता. दुसऱ्या दिवशी गरम करून, आटवून ते बरोबर लागायचं, म्हणून घरात कुणी कधी बोललं नाही. आणि ती स्वतः चव बघायची नाही, कारण हाताला कळतं म्हणे!

"पण शिंपीणबाई?" ती एकदम ओरडली. "त्या एवढी तारीफ करायच्या!"

"मी घरी नेऊन वरून घालते हो, वहिनी!" जिन्यातून आवाज आला. दार उघडंच राहिलं होतं.

बाई हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, मग लेकीकडे बघितलं आणि ते पाणी थांबेना. लेक तिच्या गळ्यात पडली. घड्याळजींनी उगाच चष्मा पुसला, मिठाचा डबा आणला आणि चिमूट चिमूट करून पातेल्यात घातलं. नंतर जो रस्सा खाल्ला त्याचं काय सांगावं! तिघांनी पातेलं पावाने पुसून काढलं. खालच्या कप्प्यात ठेवायला काहीच उरलं नाही. घेवडा मात्र बाईने सकाळी लेकीच्या डब्यात भरून दिला. लेक नको म्हणाली नाही.

रविवारचा दिवस लांबतच गेला. लेकीला बसमध्ये बसवून घड्याळजी दुकानावर गेले, सुट्टीचा वार असूनही. घरी बसून काय करायचं? संध्याकाळी जिना चढताना वास आला, आणि त्यांनी सवयीने खिशातून किल्ली काढून कुलपात घातली.

"थांबा!" आतून बायको ओरडली. "ती किल्ली ठेवा खिशात."

"का?"

"पान वाढलंय. बेल वाजवून या."