पाचशे ग्रॅमचा चाप

बाड हॉम्बुर्गच्या टोकाला, जंगलाला लागून आमचं भाड्याचं घर. साल एकोणीसशे एकसष्ट. आमचे हे, म्हणजे दिनकर पेंडसे, फ्रँकफर्टला डॉक्टरेट करत होते. सकाळी जायचे ते संध्याकाळीच परत. ऑक्टोबरात शेजारी दिवसाढवळ्या चोरी झाली, म्हातारीला मारलं. मी हटूनच बसले. "अहो, बंदूक आणा, नाहीतर मला पुण्याला पाठवा!"

बंदूक आली. छोटीशीच, नेमबाजीची, तेव्हा ती मोठ्या माणसाला दुकानात सहज मिळायची. पण तिचा चाप माझ्या बोटाला हलेना. "ही काय भिंतीवर टांगायला आणलीत?" असं मी फाडकन बोलले. झालं! रविवारी बसून ह्यांनी चापाचं टोक कानशीनं घासलं, स्प्रिंग बदलली. बोट लावायचा अवकाश, चाप सुटायचा. मी खूश.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या दाराची काच फोडून एक माणूस आत घुसला. हातात पहार. मी किंचाळले. हे बंदूक घेऊन धावत आले, "हाल्ट!" म्हणून ओरडले. तो थबकला, पहार खाली घेतली, आणि तेवढ्यात बार उडाला. ह्यांनी चाप ओढला नव्हता हो, देवाशपथ! बोट नुसतं टेकलं होतं. तो माणूस माझ्या ओट्याशीच गेला. चोवीस वर्षांचा होता.

आमचे वकील हेर क्लाइन (हेर म्हणजे श्रीयुत) तोंडावर सांगून मोकळे झाले. "मुद्दाम झाडली म्हणावं, तर त्यानं पहार खाली घेतली होती. स्वसंरक्षण टिकणार नाही. चुकून सुटली म्हणावं, तर कोर्ट विचारणार, चाप कुणी घासला? बंदूक दुकानातून आली तशीच असती ना, तर मला काहीतरी करता आलं असतं." मग म्हणाले, "धोका किती आहे हे तुमच्या नवऱ्याला ठाऊक होतं, असा पुरावा मात्र सरकारी वकिलाकडे नाही. फ्राऊ पेंडसे, विचारतील तेवढंच बोला."

मी कसली तेवढंच बोलते! मी साक्षीला उभी असताना सरकारी वकील म्हणाला, हा एक बेफिकीर माणूस, अंदाजपंचे कानस चालवणारा. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. अंदाजपंचे? चहाची पावडरसुद्धा मोजून टाकणारा माणूस तो! मी पिशवीतून ह्यांची वही काढली. कुठलंही काम केलं की आकडे टिपायचे, ही ह्यांची प्रयोगशाळेतली सवय. दुभाष्याची वाटसुद्धा न बघता मी ठणकावून वाचलं, मग जर्मनमध्ये सांगितलं. "चापाची मूळ ओढ २४०० ग्रॅम. आता ५००. ताणकाट्यानं तीस वेळा तपासली. धोका: धक्क्यानंही सुटू शकेल. लतिकेला सांगणे." बघा म्हटलं, धोकासुद्धा लिहून ठेवलाय! ह्याला म्हणतात काळजी!

हेर क्लाइननी डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "मग त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"हो तर," मी म्हटलं. "म्हणाले, पुन्हा जड करतो. मीच म्हटलं, असू द्या, हलकाच बरा."

हे बोलताना मला कळलं मी काय करून बसले ते, आणि मी वही पिशवीत टाकायला गेले. पण सरकारी वकिलानं वही मागून घेतलीसुद्धा.

दोन वर्षं. निकालात स्वच्छ म्हटलं होतं: आरोपीला धोका माहीत होता, त्यानं तो मोजला होता. सुटल्यावर देश सोडायचा. इन्स्टिट्यूटचं पत्र त्याच आठवड्यात आलं, नाव कमी केल्याचं.

कोर्टात दोन मिनिटं भेटू दिलं. मी रडत म्हटलं, "अहो, मीच घात केला तुमचा." म्हटलं, आता तरी हा माणूस माझ्यावर ओरडेल. ओरडायलाच हवं होतं हो! ह्यांनी माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं आणि म्हणाले, "वाचलंस मात्र अगदी बरोबर. एकही आकडा चुकली नाहीस."