टाचेतली धूळ

च्याओकाकांना यंदा तरी बाबांच्या थडग्यापाशी येऊ दे, असं आई म्हणाली आणि शाओयुनने नूडल्सचा वाडगा बाजूला सारला. खाणीचं छत कोसळताना या माणसाने बाबांना आत टाकून पळ काढला होता, आणि वर तसं स्वतःच्या तोंडाने गावभर सांगितलं होतं. पूर्वजांच्या थडग्यांवर माती घालायच्या दिवशी तो दरवर्षी टेकडीच्या पायथ्याशी हजर, आणि दरवर्षी शाओयुन त्याला हाकलून देई. पंधरा वर्षं हे चाललं होतं. त्याच्या छातीत धूळ साचलीय, फार दिवसांचा सोबती नाही, असं आईचं म्हणणं. बाबांना तेवढे दिवसही मिळाले नाहीत, असं म्हणून शाओयुन उठली.

ती तातोंग शहरातल्या प्रयोगशाळेत कोळसा तपासायची. लेझरचा झोत पडला की कोळशाचा कण चमकून जळे, आणि त्या चमकेतल्या रंगांवरून तो खाणीतल्या कोणत्या थरातला, हे संगणक सांगे. हजारो कण दाखवून, डोळे फोडून तिनेच त्याला शिकवलं होतं. एका झोताने वरचा पापुद्रा उडे, पुढच्याने त्याखालचा. म्हणून तिने आईच्या पेटीतला बाबांचा गमबूट नेला. आईने तो कधी धुतला नव्हता. बाबा कुठे एकटे पडले होते, ते एकदा पुराव्यासकट च्याओच्या तोंडावर मारायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पाळी संपली की बूट धुऊनच वर यायचं, असा खाणीचा नियम. म्हणजे टाचेतली धूळ त्या एकाच दिवसाची. सगळ्यात खाली तीन नंबरच्या थराची धूळ होती, खाणीच्या तोंडाजवळची, आत जाताना लागलेली. त्यावर आठ नंबरची, कामाच्या जागेची. इथवर ठीक. पण त्यावर पुन्हा तीन होती, आणि त्यावर पुन्हा आठ. तिने पाच ठिकाणी तपासलं. संगणक हेका सोडेना. बाबा सुटकेच्या जागी पोचले होते आणि परत आत गेले होते.

त्या वर्षी तिने च्याओला पायथ्याशी गाठलं, पण हाकललं नाही. बाबा परत का गेले, एवढंच विचारलं. त्याने तीच जुनी कथा लावली.

"बूट खोटं बोलत नाही, काका," ती म्हणाली.

काका हा शब्द ऐकून तो मटकन दगडावर बसला. बराच वेळ खोकला.

"तुझ्यासाठी पानाचा ठसा असलेला दगड काढून ठेवला होता त्याने. शाळेत न्यायला मागितला होतास ना? तो आत राहिला. मी म्हटलं, उद्या आण. म्हणाला, पोर सकाळी रुसलीय, रिकाम्या हाताने कसा जाऊ? तो आत पोचला आणि छत कोसळलं."

"मग तुम्ही..."

"ढिगारा उपसला तेव्हा दगड मुठीत होता. कुणी बघायच्या आत मी काढून घेतला, आणि नंतर त्याच्या उशाशी पुरला. नऊ वर्षांची होतीस तू. राग काढायला कुणीतरी लागणार होतं तुला. मी होतो."

त्या सकाळी बाबा दारातून दोनदा हाक मारून गेले होते आणि तिने ओ दिली नव्हती. इतकी वर्षं विसरलेलं ते आता लख्ख आठवलं.

च्याओकाका काठी टेकून उठले, दोन पावलं चढले आणि "चल" म्हणाले. पंधरा वर्षं ती ज्या वाटेत त्यांना आडवी आली होती, त्या वाटेवर आता तिचाच पाय उचलेना.