बिघडलेली नाही, अशीच आहे

काय म्हणालात? बिघडलीय? पुन्हा एकदा माझ्या तोंडावर म्हणून बघा!

मी एक तबकडी बोलतेय. सात इंची, काळीभोर, मधोमध भोक आणि कडेचा एक टवका उडालेला. नंदुरबारात मला रेकार्ड म्हणतात. माझ्यावर सुई ठेवली की आधी ड्रम वाजतो आणि मग गिटार घरघरायला लागते. चांगली भरड, घशात खाकरा अडकल्यासारखी घरघरते, मी कशाला खोटं सांगू? पहिल्यांदा ऐकणारा दचकतो आणि सुई उचलायला धावतो. या घरघरीपायी माझ्यावर जो आळ आला तो मला धुऊन काढायचाय, म्हणून बोलायला बसलेय. मधेच सुई उचलू नका.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. चार पोरं होती, मिसरूडही धड न फुटलेली. एकाच्या बापाचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं. संध्याकाळी गाड्या बाहेर काढायच्या आणि ही चौघं आत वाजवत बसायची. एके दिवशी गिटारवाल्याचा लाउडस्पीकर उतरवताना हातातून निसटला आणि त्यातला कागदी पडदा फाटला. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. या पठ्ठ्यानं तो फाटका आवाज ऐकला, खूश झाला आणि टोच्या घेऊन पडद्याला आणखी भोकं पाडली!

रेकॉर्डिंगच्या खोलीतले साहेब म्हणाले, आधी हे दुरुस्त करून आणा. पोरं म्हणाली, घ्यायचं तर असंच घ्या. बरीच हुज्जत झाली. शेवटी घेतलं. मग भाकरीच्या गोळ्यासारख्या एका तापलेल्या काळ्या गोळ्यावर वरून खालून दाब पडला आणि मी झाले. ती घरघर माझ्या अंगावर गोल गोल कोरलेली आहे. अंगावरच्या गोंदणाला कुणी डाग म्हणतं का?

माझ्या भावंडांची तिकडे काही डाळ शिजली नाही. दुकानाच्या कोपऱ्यात एका खोक्यात आम्ही धूळ खात पडलो होतो. तिथून मला उचललं नवसारीच्या एका तरुणानं. तो तिकडे शिकायला होता. सुट्टीत घरी येताना त्यानं मला लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळलं, बोटीत बसवलं, आणि पुढे सुरतेहून गाडीनं आपल्या आतेभावाला भेट म्हणून नंदुरबारकडे आणलं. हे साल सदुसष्टचं.

आतेभाऊ म्हणजे शांतीलाल. तापीकाठच्या एका गावातला गुजर शेतकरी. केळीचे मळे, कापूस, घरात रेडिओ आणि मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण. इंग्रजी आपल्याला येतं असं त्याचं स्वतःचं मत होतं. पण मला वाजवायला त्याच्याकडे यंत्र कुठलं? म्हणून त्यानं मला पिशवीत घातलं आणि नंदुरबारला गिरधरच्या दुकानात आणलं.

गिरधर मूळचा धानोऱ्याचा. लग्नाकार्याला, सभेला, जत्रेला लाउडस्पीकर लावणं हा त्याचा धंदा. दुकानाच्या आढ्याला भोंगे टांगलेले असत, धोत्र्याची फुलं उलटी लटकावीत तसे. गिरधरचा भोंगा म्हणजे नितळ आवाज, अशी त्याची ख्याती होती. दुसऱ्यांचे भोंगे किंचाळायचे, फाटायचे, त्याचा कधी नाही. त्यालाही त्याचा भारी अभिमान. जेवताना कुठं लांबवर एखादा भोंगा घरघरला तरी त्याचा घास अडायचा.

अशा माणसाच्या यंत्रावर मला ठेवलं. ड्रम झाला, गिटार सुरू झाली, आणि गिरधरचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा पडला.

"थांब थांब! मशीन गयं मन्हं!"

त्यानं सुई उचलली आणि शांतीलालसमोरच यंत्र उघडलं. वॉल्व बदलले, फुंकर मारून धूळ काढली, डाग द्यायची सळई तापवून सांधे पक्के केले. सिनेमाचं गाणं लावलं. नितळ! मला लावलं. घरघर! त्यानं सुई बदलली, वायर बदलली. भोंगा खाली उतरवून त्याचं पोट उघडलं. पुन्हा गाणं, पुन्हा नितळ. पुन्हा मी, पुन्हा घरघर.

मी काय करणार? मला तोंड होतं, पण बोलायचं ते एकच बोलणं मला येत होतं. तेच मी पुनःपुन्हा बोलत होते.

शांतीलाल कंटाळून मला तिथंच ठेवून गावी गेला. गिरधर मात्र हटला नाही. दुरुस्ती करायची, मला लावायचं, पुन्हा दुरुस्ती करायची, असं कितीतरी दिवस चाललं. मागच्या खोलीतून त्याची बायको वत्सलाबाई सगळं ऐकत असे. एकदा ती दाराशी आली आणि हसत सुटली.

"आवो, तुम्ही त गाई ऱ्हायनात!"

खरंच होतं. गिरधर तारा जोडता जोडता तोंडानं माझी घरघर काढत होता, अगदी तालात. रोग शोधता शोधता गडी रोगाच्याच प्रेमात पडला होता. लाजला बिचारा, पण गुणगुणणं काही थांबलं नाही.

मग दर बाजाराच्या दिवशी दुकानात मैफल जमू लागली. एक शांतीलाल, एक गिरधर आणि तिसरा वाहरू. वाहरू धडगावकडचा, पावरा आदिवासी. घाटातून जीप चालवत बाजाराचे लोक घेऊन यायचा आणि परतीची वेळ होईपर्यंत गिरधरच्या बाकड्यावर बसायचा. होळीला ढोल वाजवणारा माणूस, त्यामुळे पहिल्याच ऐकण्यात माझ्या ड्रमवर त्याचं मन बसलं. माझ्या गाणाऱ्यांचं नाव या तिघांपैकी एकालाही धड उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यांना गॅरेजवाले म्हणायला सुरुवात केली. आणि भांडायला सुरुवात केली.

घरघर कसली, हा मुख्य तंटा. वाहरू म्हणायचा, "हाई त पावरी शे. भोपळाले चीर पडनी का अशीच बोलस." पावरी म्हणजे त्यांच्याकडचं बांबूचं आणि भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. शांतीलाल म्हणायचा, कारखान्यात दाबताना चूक झाली, हा सेकंडचा माल. गिरधर म्हणायचा, नाही, अजून माझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे. तिघेही साफ चुकीचे! पण किती मन लावून चुकत होते म्हणून सांगू. माझ्या जन्मगावी कुणी मला इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

दुसरा तंटा गाण्याच्या अर्थाचा. शांतीलालनं एका बाजारी सांगितलं की हे गाणं आगगाडीवर आहे. पुढच्या बाजारी म्हणाला, नदीवर आहे. वाहरूनं बिडी विझवली आणि शांतपणे विचारलं, "गया हप्तामा तू गाडी सांगी, आज नदी सांगी ऱ्हायना. गाडी नदीमा पडनी का काय?"

गिरधर इतका हसला की त्याच्या हातून पेचकस पडला.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक वेगळीच गंमत आहे. मधेच गिटार अशी वाजते की सूर आधी फुगतो आणि मग एकदम तुटतो. त्या पोरांनी तेवढा तुकडा फितीवर उलटा फिरवून घातला होता. गिरधरला हे कसं कळावं? पण एक दिवस त्यानं मोटार बंद केली आणि बोटानं मला उलटं फिरवलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू. पण भोंग्यातून ती गिटार सरळ, गोड, ओळखू येईल अशी बाहेर आली.

"दखा! उलटी फिराई का सुलटी वाजस!" गिरधर ओरडला. त्यानं मला आणखी एकदा उलटं फिरवून बघितलं. मग म्हणाला, "कोणी चुकीसन इतलं नीट उलटं करत नही. हाई मुद्दाम करेल शे. मंग ती घरघरबी मुद्दाम करेल शे!"

त्या दिवशी माझं नशीब उघडलं असं मला वाटलं. कुणीतरी मला ओळखलं होतं. गिरधरनं पेचकस खाली ठेवला तो ठेवलाच.

पण बाजारात येणाऱ्या जाणाऱ्यांना हे कुठं माहीत? त्यांना रस्त्यावरून फक्त घरघर ऐकू यायची. भटू नावाचा दुसरा एक भोंगेवाला होता. त्यानं संधी साधली. गिरधरचं मशीन बसलं, आता त्याचा भोंगा घरघर करतो, असं त्यानं गावोगाव पसरवलं. ऐन लग्नसराईच्या तोंडावर.

आणि धानोऱ्याचे धुडकू पाटील दुकानात आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि भोंग्याची सुपारी त्यांनी गिरधरला दिली होती. आमच्या भागात सुपारी दिली म्हणजे बोलणं पक्कं. ती परत गेली तर धंदेवाल्याची चारचौघांत नाचक्की. त्यातून हे तर गिरधरचं स्वतःचं गाव. ती खऱ्याखुऱ्या सुपारीची पुडी त्यानं देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवली होती.

"गिरधर, तुन्हा भोंगा घरघर करस असं आयकं मी," पाटील उभ्याउभ्याच म्हणाले.

"बठा आबा. तुम्हीच आयका."

गिरधरनं आधी एक भजन लावलं. शब्द न् शब्द मोत्यासारखा. मग मला लावलं. मी काय, आले तशी आले. घरघरत.

पाटलांच्या कपाळावरची आठी गेली. माणूस वाईट नव्हता. "म्हनजे मशीन चांगलं शे. रेकार्ड बिघडेल शे! हां, तेच सांगी दे लोकेसले. रेकार्ड बिघडेल व्हती, फेकी दिधी. भटूनं तोंड बंद व्हई."

केवढी सोपी वाट होती! एक वाक्य म्हणायचं, मला उकिरड्यावर भिरकावायचं, की सुपारी शाबूत, नाव शाबूत. मी यंत्रावर गोल फिरत होते आणि मनातल्या मनात निरोप घेत होते. मागच्या दारात वत्सलाबाई पदर घट्ट धरून उभी होती.

"आबा," गिरधर म्हणाला, "मशीनबी चांगलं शे आनि रेकार्डबी चांगली शे."

"मंग घरघर कोन करस? मी?"

"भोंगानी घरघर काढामा मन्हं आयुष्य गयं. बिघडेल घरघर कशी ऱ्हास, माले म्हाईत शे. हाई तशी नही. हाई करेल शे, आनि झकास करेल शे."

बाकड्यावरचा शांतीलाल चुळबुळला. "गिरधर, म्हनी टाक ना भो. रेकार्ड मन्ही शे, माले काही राग नही."

"तुन्ही शे, पन आयकी मी," गिरधर म्हणाला.

पाटलांचा आवाज चढला. "एक रेकार्डसाठे मन्ही पोरनं लगीन सोडशी?"

गिरधर उठला. तसबिरीमागची पुडी त्यानं स्वतःच काढली आणि पाटलांच्या तळहातावर ठेवली. पाटील पुडी मुठीत धरून उतरून गेले, आणि मी शेवटपर्यंत वाजले. मला थांबवायची कुणाला सुधच नव्हती.

आता वत्सलाबाई माझा निकाल लावणार, अशी माझी खात्री होती. संसार तिचा होता. पोटाला चिमटा तिलाच घ्यायचा होता. ती पुढं आली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

"लगीन गयं ते गयं. आते तरी मधमा सुई न उचलता लावा. तुम्ही रोज भांडतस, माले एकदाव पुरी आयकू द्या."

गिरधरनं लावली. दोन्ही बाजू. तिनं उभं राहून सगळं ऐकलं, उलट्या गिटारीसकट. मग म्हणाली, "माले नही आवडनी. पन बिघडेल नही शे."

एवढं म्हणून ती भाकरी टाकायला आत गेली. माझं आजवर पुष्कळ कौतुक झालं, पण त्याहून मोठं कुणी केलं नाही.

ती लग्नसराई कोरडी गेली. पाटलांच्या मागून आणखी काहींनी सुपाऱ्या परत नेल्या. धानोऱ्याच्या लग्नाला गिरधर भाऊबंद म्हणून गेला, पंगतीत बसला, भटूच्या भोंग्याखाली जेवला आणि घरी येऊन मला लावून बसला. लोकांचे रेडिओ दुरुस्त करून त्यानं दिवस काढले. वत्सलाबाईनं एका शब्दानं टोचलं नाही, पण त्या उन्हाळ्यात तिच्या अंगावर नवं लुगडं आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. माफी मात्र मी मागणार नाही. माफी चुकीची मागतात.

हळूहळू लोक परत आले. आवाज नितळ लागतो तिथं लोक येतातच. लग्नात गिरधर मला कधी लावत नाही, लोकांच्या कार्यात आपली हौस नको म्हणतो. पण कामावर निघण्याआधी यंत्र तपासायचं असलं की तो मलाच लावतो. भजनं, गाणी ठेवून मलाच! डोळे मिटून ऐकतो. घरघरीचा कण न् कण वेगळा ऐकू आला तर मशीन उत्तम. घरघर जराशी जरी गुळगुळीत आली तरी तो वैतागतो, "काही तरी बिघडेल शे," आणि यंत्र उघडून बसतो.

आता एकोणसत्तर संपत आलंय. बोटानं उलटं फिरवून फिरवून माझी दुसरी बाजू पांढरी पडली आहे. पहिलीवर खरखर वाढलीय. गॅरेजवाल्यांची घरघर कोणती आणि माझ्या म्हातारपणाची कोणती, यावर बाकड्यावर नवा तंटा लागलाय आणि वाहरूची जीप त्यापायी दर बाजारी उशिरा सुटते. शांतीलाल म्हणतो, मामेभावाला सांगून नवी मागवू. गिरधर ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

तुम्ही माझं एवढं ऐकलंत, सुई उचलली नाहीत, बरं वाटलं. एकच मागणं आहे. थोड्याच दिवसांत माझ्यातून आवाज येईनासा होईल. तेव्हा बिघडली म्हणू नका. वाजून संपली म्हणा.