शेजारीण काय म्हणते

अमरावतीतल्या भाजीपाला उत्पादक संस्थेच्या दुकानात भाजी निवडलेली, ताजी, वजनाला चोख होती. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. या महिन्यात ते आलं नाही, तर सभासद आपला माल पुन्हा हर्रासीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या लिलावात, नेणार होते आणि दुकानाचं शटर कायमचं पडणार होतं.

अध्यक्ष पंजाबरावांकडे उपाय तयार होता: चौकात स्वतःच्या फोटोचं भलंमोठं होर्डिंग. फोटोही काढून झाला होता, फेट्यासकट.

जनसंपर्काचं काम अकोल्याच्या वर्षालीकडे होतं. ती म्हणाली, "काका, आधी लोकांना विचारू. काय सांगायचं ते मग ठरवू."

"विचार ना. कोण नाई म्हणते? पण फोटो तोच राहीन."

सर्वेक्षणासाठी पंजाबरावांनी आपली जीप दिली आणि सोबतीला सून आचल. इथेच फसलं. दारी आलेल्याला चहा पाजायचा आणि तो चहा पीत असताना त्याच्या घरच्यांना नावं ठेवायची, हे वऱ्हाडात कोणाला जमत नाही. घरोघर एकच उत्तर मिळालं: दुकान फस्क्लास, भाजी फस्क्लास, उद्याच येतो. दुसऱ्या दिवशी दुकानात पंजाबराव होते आणि दारात एक गाय.

वर्षालीने जीप परत केली, आचलला घरी ठेवलं आणि प्रश्न बदलला. "तुमी काहून जात नाई" हे तिने कोणालाच विचारलं नाही. "तुमची शेजारीण काहून जात नाई?" एवढंच विचारलं.

पहिल्याच घरी माणिकबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मी तं जाईनच, बाई. पण ह्या शालूचं म्हणणं असं, का तिथी वांगं हातात घेतलं की ते गल्ल्यावरचे बुढे सुरू होतेत. बी कोणतं, खत कोणतं, पाणी कवा देलं. इकडं घरी वरण करपून जाते!"

"मी कवा म्हटलं?" भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणारी शालू ओरडली. "ह्या माणिकबाईच म्हणतेत, पावशेर मिरची घ्याले गेलं का सारी दुपार जाते."

गल्लोगल्ली तेच निघालं. भाव मान्य, भाजी मान्य. मान्य नव्हते ते गल्ल्यावरचे पंजाबराव.

पंजाबरावांनी अहवाल वाचला. चप्पल घालून स्वतःच शहानिशा करायला निघाले. "मी बसतो म्हणून तुमी येत नाई काय?" ज्याला त्याला त्यांनी विचारलं.

"छे, बाप्पा! तुमच्यानंच तं दुकानाले शोभा हाय."

"खोटी हाय तुयी रिपोर्ट," परत येऊन त्यांनी वर्षालीला सुनावलं. "मी सारा मोहल्ला विचारून आलो."

त्यांची बायको तानुबाई लसूण सोलत होती. "तुमच्या तोंडावर कोण सांगन? लग्न झाल्यापासून मलेच नाई जमलं."

वर्षालीने तेवढ्यात साधून घेतलं. "काका, आठ दिवस चांदूर रेल्वेला लेकीकडे राहून या. गल्ल्यावर काकू बसतील. फरक पडला नाही, तर होर्डिंग मी स्वतः उभं करते."

आठवड्याने ते परतले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हर्रासीचं नाव कोणी काढत नव्हतं. पंजाबराव सवयीने गल्ल्याकडे सरकले. तानुबाईने नुसतं वर पाहिलं. ते आल्या पावली बाहेर गेले आणि भरल्या पिशवीने निघालेल्या एका बाईंना त्यांनी पायरीवरच गाठलं. "हे वांगं घेतलं ना तुमी, याचं बी..."

वर्षालीने जनसंपर्काचा आराखडा उघडला आणि त्यात एक कलम वाढवलं: अध्यक्षांची भेट दाराबाहेर, पैसे दिल्यानंतर.