चार इंच

थोरल्याने फीत पुन्हा एकदा गाड्याच्या फळीवर ताणली. आत्याचा कुलपं-किल्ल्यांचा गाडा नियमापेक्षा चार इंच जास्तच रुंद भरला.

“तिसऱ्यांदा मोजतोयस,” आत्या म्हणाली. “मोजून लाकूड आटतं होय?”

सोमवारपर्यंत गाडा हलवा, असं निरीक्षक बजावून गेला होता. अठ्ठावीस वर्षांची जागा. थोरला कायदेमंडळाचा सभासद. हातगाड्यांचा कायदा त्यानेच अकरा महिने भांडून मंजूर करून घेतला होता. पण गाडा किती रुंद असावा, हे कायद्यात नव्हतं. ते खात्याने नियम करून ठरवावं, एवढंच होतं. आणि खात्यात ते नियम लिहिणारा होता त्याचाच धाकटा भाऊ.

“तू राहू दे. धाकट्याला सांग,” आत्या म्हणाली. “कायदा तोच करतो ना?”

थोरल्याने फीत कराकरा गुंडाळली. पोर आपलं, आणि मिरवतंय त्याच्या कडेवर.

धाकट्याच्या कचेरीत बाकं माणसांनी भरलेली. थोरल्यासाठी कोणी उठलं नाही. एकाने उलट रांग कुठे संपते ते दाखवलं.

धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. रुग्णवाहिका जावी म्हणून त्याने स्वतः सहा अरुंद गल्ल्या मोजून गाड्याची रुंदी ठरवली होती. आत्याची गल्ली ऐसपैस, ती मोजायची राहिली. चूक झाली, म्हणाला. दुरुस्ती आज सहीला जाईल, शनिवारी निघेल.

शनिवारी! थोरल्याला सभागृहात एक ओळ बदलायला दोन अधिवेशनं लागली होती. आत्याचा गाडा वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, झाला जळफळाट.

“म्हणजे तुझ्या मनात आलं की चार इंच कमी, मनात आलं की जास्त. तुला विचारणारं कोणी आहे का?”

“आहे की. तू.” धाकटा फाईलची नाडी बांधत होता. “नियम तीस दिवस सभागृहापुढे असतात, दादा. प्रत्येक सभासदाला प्रत जाते. तू तरी काही खोट काढशील, म्हणून वाट बघत होतो.”

घरी टेबलावर फुलदाणी होती. कायदा मंजूर झाला त्या दिवशी सत्कारात मिळालेली. तिच्याखाली खात्याचं पाकीट, त्यावर पाण्याचे गोल डाग. मोहर शाबूत. तारीख सव्वीस दिवसांपूर्वीची.

फोन वाजला. आत्या होती.

“धाकट्याने केलं का रे काम?”

“केलं.”

“आणि तू?”

थोरल्याने फुलदाणी उचलून खाली जमिनीवर ठेवली. पाकिटाची कड फाडली.

“वाचतोय,” तो म्हणाला. “चार दिवस आहेत अजून.”