काजं करता करता काजवे

"काजवे दिसतात म्हणतेस आणि वर म्हणतेस डोळे ठणठणीत? ताई, मला काय दुधखुळा समजलीस?" मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली.

ताईनं मान वर केली नाही. मागच्या खिडकीपाशी तिचं स्टूल, मांडीवर काळा कोट, हातात सुई. सव्वीस वर्षं ती धाकट्या भावाच्या दुकानात हातानं काजं करत होती. मास्तरांनी कापायचं नि शिवायचं, ताईनं काज-बटण करायचं, कोपऱ्यातल्या इस्त्रीवाल्यानं घडी घालायची. झालं दुकान.

"काल गिऱ्हाइकानं कोट तोंडावर फेकला. दोन काजं वाकडी. तुझ्या हातची! मी मशीनवाल्याला सांगून आलोय. उद्या सकाळी काजाचं मशीन येतंय. तुझ्या जागेवर बसेल ते."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले की माणसानं घरी बसावं."

"डोळ्यांपुढं म्हणाले का मी? खिडकीपुढं म्हणाले."

"तेच ते."

"तेच ते कसं? लहानपणी मी तुझ्या कानाखाली वाजवायचे तेव्हा तुला दिसायचे, ते वेगळे. हे किडे आहेत, किडे. उडतात."

इस्त्रीवाला फिस्सकन हसला. आवाज इस्त्रीचा की त्याचा, पटकन कळलं नाही.

मास्तरांनी सुई-दोरा पुढं केला. "ओवून दाखव."

"नाही दाखवणार."

"बघ! जमत नाही."

"जमतं. पण शाळेत कधी परीक्षा दिली नाही, ती आता साठीत तुला देऊ? सरक, उजेड अडवतोयस."

मास्तरांचा पारा चढला. खरं म्हणजे मागची खिडकी त्यांनी कधी धड बघितलीच नव्हती. त्यांचं टेबल रस्त्याकडं. साडेसहा वाजले की तयार कपडे पिशवीत भरून ते घरोघर पोचवायला जायचे. आज भांडणात साडेसहा कधीच होऊन गेले होते. पिशवी तशीच.

"मास्तर, मी आधी बोटीवर होतो," इस्त्रीवाला म्हणाला. "अंधारात लाट फुटली की पाणीच पेटायचं. निळं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, किती ढोसलीस? तेव्हापासून मी कुणाला काही सांगत नाही."

"मग आत्ता कशाला सांगतोस?"

"चुकलं."

बाहेर अंधारून आलं. सात झाले असतील. ताईनं सुई कोटाला टोचून ठेवली. "बटण बंद कर."

मास्तरांनी मान खाली घालून शर्ट चाचपला. वरचं बटण उघडं होतं. त्यांनी ते लावलं.

"ते नाही रे शहाण्या. दिव्याचं!"

इस्त्रीवाल्यानंच हात लांब करून दिवा घालवला. मास्तर खिडकीशी येऊन उभे राहिले. गळकी टाकी, तिच्याभोवती गुडघाभर गवत.

"काही नाहीये."

"चष्मा कपाळावर आहे तुझा."

मास्तरांनी चष्मा खाली ओढला. टाकीपाशी एक ठिपका वर आला, बुडाला, थोडा पुढं जाऊन परत वर आला. धावदोरा घालावा तसा. मग गवतात दुसरा. मग पाच, मग मोजायची सोय राहिली नाही. पिवळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर पिवळा. मास्तरांच्या खोक्यात दोनशे रंगांची रिळं होती. हा रंग नव्हता.

इस्त्री थंड होत होती.

एक आत आला आणि ताईच्या मांडीवरच्या कोटावर बसला. मास्तर वाकले. तो पेटला की काजाचे चार-पाच टाके दिसत, विझला की कोटही गायब. तो पुढं सरकला, पुढचे टाके दिसले. कडेनं अख्खं काज त्यानं असं दाखवलं. टाके एका मापाचे, एकाला एक चिकटलेले. तिनं आज, तासाभरापूर्वी केलेलं काज.

"मग ती दोन वाकडी?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"ती सातला केलेली. हात कोटावर, मान खिडकीकडं. चूक माझीच. डोळ्यांची नाही."

"सांगायचंस ना."

"सांगितलं की. तू मला घरी बसवलंस."

मास्तर सरळ झाले. किडा उडाला.

"सातला काम बंद ठेवत जा," ते म्हणाले. "बघायचं तर नुसतं बघ. काजात काजवे नकोत."

मग ते पायानंच चपला शोधायला लागले. स्टुलाला ठेचकाळले.

"दिवा लावू का, मास्तर?"

"हात लावशील बटणाला तर! मशीनवाला आठला दुकान बंद करतो. तो मशीन टेम्पोत चढवायच्या आत गाठायला पाहिजे. चला, मला निघायला हवं."