हसण्यावारी

सुहासिनीच्या घरी दोन वर्षं एक विनोद चालला होता, आणि तो तिनेच चालवला होता. विनोद असा, की तिच्या मुलाला, अर्णवला, मराठी शब्द आठवत नाहीत. गाळणीला तो ‘ते चहाचं’ म्हणायचा, उलथन्याला ‘ते डोशाचं’, आणि आत्याच्या यजमानांना ‘ते पुण्याचे अंकल’. सुहासिनी हे हळदीकुंकवाला सांगायची, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगायची, फोनवर नवऱ्याला सांगायची. “दिल्लीचं पाणी, दुसरं काय!” असं म्हणून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. अर्णवही हसायचा. त्याचं हसणं मोठं गोड होतं.

हाच मुलगा लहानपणी मंडळाची शान होता. शनिवारी सुहासिनी तिथे मुलांना मराठी शिकवायची, आणि पाहुणे आले की एवढ्याशा अर्णवला खुर्चीवर उभं करून पावकी, निमकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लावायची. पुण्याच्या पोरांना येत नाही ते दिल्लीच्या पोराला येतं, म्हणून लोक तोंडात बोट घालायचे. असा मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणितात दोनदा नापास झाला. आता डिसेंबरात तिसरी आणि शेवटची खेप होती. या वेळी गेला की कॉलेजातून नाव जाणार होतं. सुहासिनीला रात्री झोप लागत नव्हती ती याच एका गोष्टीने.

घरात ती दोघंच, त्यातही सुहासिनी दिवसभर ऑफिसात. नवरा जयंत बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन हैदराबादला एका मोबाइल कंपनीत लागला होता आणि महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. त्या नोकरीमुळेच दिल्लीच्या विमानतळाजवळ, द्वारकेत, मोठा फ्लॅट झाला, आणि झाला तेव्हा त्यात राहायला माणसंच उरली नाहीत. दोन बाल्कन्या होत्या. एकीत कपडे वाळत, दुसरीत कोणी जात नसे.

द्वारकेत विमानं इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. तिथल्या माणसांना त्याची सवय असते. विमान आलं की अर्ध्या वाक्यावर थांबायचं, गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलायचं. अर्णवचं मात्र अलीकडे विमानाबरोबर वाक्यही जायचं. “मी काय बोलत होतो?” असं तो विचारायचा.

“गेलं दुबईला!” सुहासिनी म्हणायची. “पुढचं पाठ, मागचं सपाट!”

मग दोघं हसायची. त्या घरात दिवसाकाठी हसू म्हणजे काय ते एवढंच, म्हणून तिला ते जपावंसं वाटे.

आणखी एका गोष्टीने ती सुखावली होती. देव न मानणाऱ्या बापाचा हा मुलगा खोलीत उदबत्ती लावायचा, रोज, दार लोटून. तिने कधी विचारलं नाही. देवाचं आणि माणसाचं काय असेल ते त्यांच्यात, आईने कशाला डोकावावं? पुडा संपत आला की ती चंदनाचा नवा आणून त्याच्या टेबलावर ठेवायची. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तर दिव्यात तेलही तीच घालत होती.

परीक्षेआधीच्या रविवारी दुपारी यशोधन त्याला शिकवायला आला. यशोधन बालवाडीपासूनचा मित्र, आता राहायलाही खालच्याच मजल्यावर, कॉलेजही तेच, पण आता एक वर्ष पुढे गेलेला. दोघं जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसले. सुहासिनी स्वयंपाकघरात मटार सोलत होती, कान बाहेर ठेवून. पोरं आपसांत हिंदीतच बोलायची. यशोधनने एक गणित समजावलं.

“अच्छा, अच्छा, समझ गया!” अर्णव म्हणाला. “यार, इतना ईज़ी था?” आणि पुढचं त्याने स्वतःच सोडवलं, झरझर. सुहासिनीला एकदम हलकं वाटलं. हुशारी कुठे गेलेली नव्हती, उगाच काळजी केली. तिने चहाला आलं जरा जास्तच किसलं.

चहा झाल्यावर अर्णवने विचारलं, “भाई, ये लिमिट क्यों बदली?”

यशोधन थबकला, पण चहाआधी सांगितलेलंच त्याने पुन्हा समजावलं. अर्णवने मान डोलावली, लिहिलं. थोड्या वेळाने तोच आवाज, तीच उत्सुकता, “भाई, ये लिमिट क्यों बदली?”

यशोधनने पेन खाली ठेवलं. अर्णव ओशाळला, काहीतरी खोडायला निघाला आणि टेबल चाचपू लागला. “वो दे ना... वो क्या कहते हैं... मिटाने वाला...”

“रबर?”

“हां, वही.”

सुहासिनीचे हात मटारात तसेच राहिले. हिंदी ही अर्णवची मैदानातली भाषा, भांडणाची, शिव्यांची. आईची मराठी तो विसरला तर त्याला दिल्लीचं कारण होतं. पण दिल्लीचं पाणी हिंदी कशी पळवेल? दोन वर्षं ती ज्याला हसली ते भाषेचं दुखणं नव्हतंच.

यशोधन निघाला तेव्हा ती लिफ्टपर्यंत गेली. “काय होतंय रे त्याला?”

त्याने लिफ्टचं बटण दाबलं, परत दाबलं. “काकू, तुम्हाला खरंच माहीत नाही? जिन्यात सुद्धा वास येतो.”

“उदबत्तीचा?”

“गांजाचा,” तो खाली बघत म्हणाला. “फर्स्ट इयरला आम्ही सगळ्यांनीच ट्राय केला होता. बाकीच्यांनी सोडला. तो रोज ओढतो, सकाळी पण. त्याला समजतं सगळं, काकू, आमच्याआधी समजतं. पण राहत नाही.”

तिने जयंतला फोन लावला. तो म्हणाला, “आत्ता काही बोलू नकोस. परीक्षा होऊ दे, मग बघू.”

“अहो, परीक्षा कशाच्या जिवावर देणार तो?” तिने विचारलं. फोन ठेवल्यावर आणखी कोणाला करावा म्हणून तिने मंडळातली नावं मनात घेतली. विनोद सांगायला अख्खी दिल्ली होती, हे सांगायला एक माणूस नव्हतं. इतकं एकटं तिला लग्न होऊन या शहरात उतरली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

ती अर्णवच्या खोलीत गेली. तो पलंगावर पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. ती शेजारी बसली. टेबलावर तिनेच आणलेला पुडा होता.

“यशोधनने सांगितलं ना?” त्याने विचारलं.

“तू सांग.”

“पहिल्यांदा फक्त झोप यावी म्हणून, आई. बाबा नवीन नवीन गेले होते, तू ऑफिसात. घर कसं खायला उठायचं.” तो पुस्तकाचा कोपरा दुमडत होता. “मग ओढून अभ्यासाला बसलो की सगळं एकदम क्लियर वाटायचं. वाटायचं, आलं आपल्याला. आणि सकाळी तेच पान उघडलं की कोरं. सोडून पाहिलं, तर झोप नाही, चिडचिड. मला ना आई, सगळ्यात जास्त भीती...”

विमान आलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. दोघं सवयीने थांबली. आवाज दूर गेला, खोली शांत झाली, आणि अर्णव तिच्याकडे बघत राहिला.

“मी काय बोलत होतो?”

आता तिची पाळी होती. तो ओठांवर अर्धं हसू घेऊन तयार होता. पण तिच्या तोंडून दुबई निघेना.

“हस ना, आई,” तो म्हणाला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. “तू हसायचीस ना, तेव्हा वाटायचं, मला काही झालेलंच नाहीये.”

सुहासिनीला हंबरडा फोडावासा वाटला. तिने तो गिळला. कुणीतरी ते वाक्य धरून ठेवायला हवं होतं.

“भीतीचं सांगत होतास,” ती म्हणाली. “सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, ते.”

अर्णवने पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“याचीच,” तो म्हणाला.

तिने त्याच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं. “उद्या डॉक्टरकडे जाऊ. पेपर राहू दे.” त्याने होकारार्थी मान हलवली. कॉलेज गेलं, हे दोघांनाही त्या क्षणी कळलं. तेवढ्यात दुसरं विमान आलं. ते जाईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.